आजोबांच्या पेटीतला चाकू आणि त्यापुढचे पाच

सांगलीहून एका तिशीतल्या गृहस्थांनी विचारलंय: आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत एक घडीचा चाकू सापडला. दोन पाती, त्यातलं धाकटं निम्म्यात तुटलेलं. काळी मूठ. पात्याच्या बुडाशी एक चांदणी आणि एक क्रूस. तेव्हापासून असे चाकू जमवायची ओढ लागलीय. हा साफ कसा करायचा? संग्रह कुठून सुरू करायचा? पंधरा हजार रुपये बाजूला काढलेत, त्यात काय येईल? हे सगळं कायद्यात बसतं का? आणि पुढे किंमत वाढते का?

आधी तो चाकू आहे तसा खाली ठेवा. ब्रासो नको, पॉलिश पेपर नको, आणि गल्लीत सायकलचं चाक फिरवत येणारा धारवाला तर मुळीच नको. त्याचा दगड भाजी चिरायच्या सुरीसाठी ठीक आहे. जुन्या पात्याचा मात्र तो दोन मिनिटांत दोन मिलिमीटर पोलाद खातो, आणि ठिणग्या उडेपर्यंत तापवून धारेचं पाणी उतरवतो. मी 1994 पासून घडीचे चाकू जमवतोय. पहिल्याच वर्षी वडिलांच्या मित्राने दिलेला एक जर्मन चाकू मी स्वतः ड्रिलला बफ लावून आरशासारखा चकचकीत केला होता. त्यावरचं कारखान्याचं नाव त्यात पुसलं गेलं. आता तो कोणाचा, कधीचा, हे मला कधीच कळणार नाही. पुढे जे लिहितोय ते बरंचसं त्या चाकूने शिकवलेलं आहे: जमवणं नंतर, वाचणं आधी.

वाचायचं कुठे? पात्याची धार जिथे संपते आणि पातं मुठीत शिरतं, तिथल्या छोट्या सपाट चौकोनाला टँग म्हणतात. कारखान्याचे शिक्के तिथे असतात. चांदणी आणि माल्टीज क्रूस ही इंग्लंडमधल्या शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स अँड सन्स या घराण्याची खूण, अठराव्या शतकापासूनची. भिंग घेऊन त्या खुणेच्या आजूबाजूला बघा. ‘नंबर 6, नॉरफोक स्ट्रीट’ असा पत्ता असू शकतो. त्यांचा कारखाना तिथे होता. एक राजमुकुट आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक अक्षर दिसलं तर फारच छान. व्ही आणि आर म्हणजे राणी व्हिक्टोरियाचा काळ, म्हणजे 1901 च्या आधीचा. जी आणि आर म्हणजे जॉर्ज, म्हणजे बहुधा 1910 नंतरचा. ‘इंग्लंड’ हा शब्द आहे का तेही पाहा. अमेरिकेने 1890 साली जकातीचा कायदा केला आणि बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं. त्यामुळे ज्या चाकूवर देश छापलाय तो बहुधा 1891 च्या पुढचा. उलटा निष्कर्ष मात्र काढू नका. देश नाही म्हणून चाकू त्याआधीचाच, असं होत नाही, कारण सगळाच माल अमेरिकेला जात नव्हता.

अजून एक शंका मनात ठेवा. रॉजर्सच्या नावाला इतकी पत होती की नक्कल करणारे रांगेने उभे राहिले. कोणी नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधला (Rodgers) ‘डी’ गाळायचा, कोणी क्रूसाच्या जागी भलतंच फूल छापायचा. अक्षर न् अक्षर तपासा. आणि नक्कल निघाली तरी फेकू नका. आजोबांनी जे वापरलं ते वापरलं.

मूठ काळी आहे म्हणता. ती म्हशीच्या शिंगाची असेल, लाकडाची असेल, नाहीतर सेल्युलॉइडची. ओळखायची एक सोपी युक्ती सांगतो. अंगठ्याने मूठ जोरात घासून गरम करा आणि लगेच नाकाशी धरा. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड, कारण ते बनवताना कापूर घालतात. तापवलेली सुई टोचून बघण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. सेल्युलॉइड भसकन पेट घेतं. मूठ सेल्युलॉइडची असेल तर हा चाकू कायम इतरांपासून वेगळा ठेवायचा. ते सडायला लागलं की त्यातून निघणारी आम्लाची वाफ शेजारच्या चाकवांची पातीही गंजवते. माझ्या एका खणात असे चार चाकू गेले. दोषी एकच होता, पिवळसर कासवी नक्षीच्या मुठीचा, आणि दिसायला सगळ्यांत देखणा.

मूठ सांबरशिंगाची किंवा हस्तिदंताची असेल तर गोष्ट निराळी. शेफील्ड आणि जर्मनीतल्या झोलिंगेनच्या कारखान्यांना सांबरशिंग जायचं ते बरंचसं आपल्याच जंगलांतून. आज या वस्तू वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या कक्षेत येतात. अशा मुठीचा चाकू भारतात कोणी विकायला आणला तर हात लावू नका, कितीही स्वस्त देत असला तरी. परदेशी चाकवांवर शिंगासारखी दिसणारी बरीच मूठ खरं तर गुराच्या हाडाची असते, कोरून खडबडीत केलेली. फरक शिकायला वेळ लागतो. तो शिकेपर्यंत लांब राहणं बरं.

आता कायदा. मी वकील नाही, पण या छंदात जेवढं माहीत असायला हवं तेवढं सांगतो. शस्त्र नियमांप्रमाणे ज्याचं पातं 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद आहे, आणि जे घरकाम, शेती, उद्योग यांसाठी बनवलेलं नाही, अशा धारदार शस्त्राला परवाना लागू शकतो. खिशातल्या चाकूचं पातं बहुधा 3 इंचांच्या आसपास असतं, तेव्हा घरात ठेवायला अडचण नाही. अडचण येते ती घेऊन फिरताना. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 37 खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी ठरावीक काळापुरता सार्वजनिक जागी शस्त्रं बाळगायला मनाई करू शकतात. सण, निवडणुका, मोर्चे आले की असे आदेश निघतात, आणि त्यांत चाकू-सुऱ्यांचं नाव असतं. म्हणून संग्रहातला चाकू खिशात घालून बाजारात जायचं नाही. ट्रेकला नेत असाल तर सॅकच्या तळाशी, फळं आणि पावाच्या पिशवीत. विमानात फक्त चेक-इन सामानात. विमानतळावरच्या तपासणीच्या टोपलीत माझा एक छोटा 58 मिलिमीटरचा चाकू कायमचा राहिलाय. चूक माझीच, किल्ल्यांच्या जुडग्याला होता, लक्षातच आलं नाही.

बटन दाबताच फटकन उघडणारे चाकू नवशिक्याने घेऊ नयेत. दिल्लीसारख्या ठिकाणी त्यांच्यासाठी वेगळी आणि कडक अधिसूचना आहे. रामपुरीचं आकर्षण मला कळतं. आमच्या पिढीला तो हिंदी सिनेमाने ओळखीचा करून दिला. उत्तर प्रदेशातल्या रामपूरमध्ये या कारागिरीची आता मोजकीच दुकानं उरलीत, आणि गंमत म्हणजे त्याच गावात 2023 साली चौकात सुमारे 20 फुटी रामपुरी उभारला गेला. पण खटक्याचा, लांब पात्याचा चाकू संग्रहात आणायचा तर आधी आपल्या जिल्ह्यातल्या वकिलाशी बोला. तो तुमचा पहिला चाकू नक्कीच नसावा.

तर पहिला कोणता? माझं उत्तर गेली वीस वर्षं एकच आहे: व्हिक्टोरिनॉक्स, म्हणजे तो लाल स्विस चाकू. यावर माझे दोन मित्र हसतात. त्यांच्या मते तो ‘सगळ्यांकडे असतो’. पण तेच तर हवंय. सगळ्यांकडे असतो म्हणजे भारतात राजरोस विकत मिळतो, बिल मिळतं, जुना मिळतो, अस्सल-नक्कल ताडून बघता येते, आणि हजारो लोकांनी दशकानुदशकं अभ्यास केल्यामुळे प्रत्येक खाच वाचता येते. वाचायला शिकण्यासाठी यापेक्षा चांगली बाराखडी नाही.

कार्ल एल्झेनर नावाच्या चाकूकाराने 1884 साली स्वित्झर्लंडमधल्या इबाख इथे कारखाना काढला. स्विस सैन्याला तेव्हा घडीचा चाकू हवा होता, पण पहिले चाकू झोलिंगेनहून आणावे लागले. स्वतःच्या देशात कोणी बनवेना. एल्झेनरने 1891 मध्ये पहिली खेप दिली. सैनिकाचा तो चाकू जड होता. 1897 साली त्याने अधिकाऱ्यांसाठी हलका चाकू नोंदवला. त्यात छोटं पातं आणि बूच काढायचा स्क्रू होता. खरी करामत आत होती: एकाच कमानीवर दोन्ही बाजूंची पाती बसवली, त्यामुळे जाडी न वाढता हत्यारं वाढली. आजही कुठलाही लाल चाकू उजेडात आडवा धरून बघा, मधली पोलादी कमान पोटाकडच्या आणि पाठीकडच्या अशा दोन्ही हत्यारांना ताण देताना दिसेल. आई व्हिक्टोरिया 1909 साली गेल्यावर त्याने तिचं नाव मालाला दिलं. 1921 मध्ये न गंजणारं पोलाद आलं. त्याला फ्रेंचमध्ये ‘इनॉक्स’ म्हणतात. व्हिक्टोरिया अधिक इनॉक्स. म्हणजे पात्यावर नुसतं ‘व्हिक्टोरिया’ दिसलं तर तुम्ही जुन्या काळात शिरलात. (असा चाकू मला जन्मात एकदाच हाताळायला मिळाला, तोही दुसऱ्याचा.)

सैन्याला चाकू पुरवणारी दुसरी कंपनी म्हणजे देलेमाँची वेंगर. 2005 साली व्हिक्टोरिनॉक्सने ती विकत घेतली आणि काही वर्षांनी वेंगर नावाचे चाकू बंद झाले. मुठीवरचा क्रॉस बघा: व्हिक्टोरिनॉक्सचा क्रॉस ढालीच्या आकारात असतो, वेंगरचा गोलसर कोपऱ्यांच्या चौकोनात. जुन्या बाजारात वेंगरला ‘डुप्लिकेट’ समजून कमी भावात देणारे विक्रेते अजूनही भेटतात. मी त्यांना कधी दुरुस्त केलेलं नाही, हे कबूल करतो.

पंधरा हजारांतला पहिला खर्च इथे करा. आजचा, नवीन, साधा स्पार्टन किंवा टिंकर घ्या; 91 मिलिमीटरचा. दोन्ही जवळजवळ सारखेच. स्पार्टनच्या पाठीला बूच काढायचा स्क्रू, टिंकरच्या पाठीला चौफुली स्क्रूड्रायव्हर. तो वर्षभर घरात वापरा. पेरू कापा, पार्सलं उघडा, धार घालवा आणि परत लावा. धार लावायला सुरुवातीला महागडे दगड नकोत. चिनी मातीच्या कपाच्या बुडाशी जी चकाकी नसलेली गोल कड असते तिच्यावर हलक्या हाताने घासलं तरी काम होतं. यांचं पोलाद मुद्दाम फार कठीण ठेवलेलं नाही, त्यामुळे धार लवकर जाते आणि लवकर येते. शिकाऊ हाताला हेच सोयीचं. जो माणूस चाकू वापरत नाही त्याला पातं किती झिजलंय हे जुन्या चाकूत दिसत नाही. मूळ आकार हाताला माहीत असावा लागतो.

दुसरा खर्च सोल्जर 1961. ही माझी लाडकी वाट आहे. खडबडीत चंदेरी ॲल्युमिनियमची मूठ, 93 मिलिमीटर लांबी, एक पातं, एक भोक पाडायची आरी, डबा उघडायचं हत्यार आणि बाटली उघडायचं हत्यार. बस्स. 1961 पासून 2008 पर्यंत स्विस सैनिकाच्या खिशात हाच होता, आणि मोठ्या पात्याच्या टँगवर सालाचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात. ‘78’ म्हणजे 1978. संग्राहकाला यापेक्षा काय हवं? चाकू स्वतःच जन्मतारीख सांगतो. कोणी आपल्या जन्मसालाचा शोधतो, कोणी लग्नाच्या सालाचा, कोणी एकेक साल भरत जातो. मी एकाआड एक भरतोय आणि ’63 चा अजून सापडलेला नाही. 2008 नंतरचा सैनिकी चाकू 111 मिलिमीटरचा, काळा-हिरवा, एका हाताने उघडणारा. कामाला जास्त चांगला असेलही, पण माझं मन त्यात रमलं नाही.

तिसरा ओपिनेल क्रमांक 8, आणि तो कार्बन पोलादाचा. फ्रान्सच्या साव्वा भागात जोसेफ ओपिनेलने 1890 च्या सुमारास बनवलेला शेतकऱ्याचा चाकू. बीच लाकडाची मूठ, एक पातं, एक खिळा. 1897 मध्ये त्याने 1 ते 12 असे आकार ठरवले. त्यातले 1 आणि 11 हे 1935 साली बंद झाले. पातं उघडं राहावं म्हणून मानेवर फिरणारी कडी आहे, ती 1955 ची. तेव्हा जुना म्हणून दाखवलेल्या मोठ्या ओपिनेलला कडीच नसेल तर दचकू नका. उलट डोळे चमकू द्या. स्वस्त चाकू आहे, पण आपल्या हवेत तो जे शिकवतो ते महागडे शिकवत नाहीत. जुलैत लोणावळ्याच्या पावसात माझा भिजला आणि लाकूड फुगून पातं असं घट्ट बसलं की नखाने उघडेना. साव्वाच्या लोकांची यावर युक्ती आहे: मुठीचं मागचं टोक टेबलावर ठक्कन आपटायचं, पातं थोडं बाहेर येतं, मग चिमटीत धरून ओढायचं. कायमचा उपाय म्हणजे नवा असतानाच सांध्यात आणि मुठीला जवसाचं तेल मुरवून आठवडाभर सुकू द्यायचं. तेलाचे बोळे मात्र चुरगळून टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि बोळ्याचा ढीग आपोआप पेटू शकतो. पसरून वाळवा.

कार्बन पोलादाने पहिला लिंबू कापलात की पातं करडं पडेल. घाबरायचं नाही. तो करडा-निळसर थर म्हणजे पॅटिना, पात्याचं कातडं म्हणा ना. तो गंजाला थोपवतो. तांबूस, बोटाला लागणारा तो गंज. आजोबांच्या चाकूवर हे दोन्ही असणार. पॅटिना राहू द्या. तांबूस ठिपक्यांवर तेलाचा थेंब टाका, दोन दिवस थांबा, आणि तांब्याच्या पट्टीच्या कडेने अलगद खरवडा. तांबं पोलादापेक्षा मऊ असल्यामुळे चरे उमटत नाहीत. मेडिकलच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मिळतं. सांध्यात आणि पात्यावर तेच लावा. खोबरेल लावू नका, ते कालांतराने चिकट होतं आणि धूळ धरतं.

चौथा आणि पाचवा चाकू कोणता ते मी सांगणार नाही. तोवर तुमची नजर कुठेतरी अडकलेली असेल. तरी वाटा दाखवून ठेवतो.

स्लिपजॉइंट म्हणजे ज्याला कुलूप नाही, नुसती कमान पात्याला धरून ठेवते असे चाकू. तुमच्या आजोबांचा तसाच आहे. या वाटेला अमेरिकेतली पेन्सिल्व्हेनिया राज्यातली, ब्रॅडफर्डची केस ही कंपनी मोठी मौजेची. 1970 साली त्यांनी टँगवर नावाखाली दहा ठिपके ठोकले आणि दरवर्षी एकेक कमी करत नेला. दहा ठिपके म्हणजे 1970, नऊ म्हणजे 1971, एक म्हणजे 1979. 1980 पासून अक्षरांची धाटणी बदलून पुन्हा दहापासून सुरू. मॉडेलचा आकडाही वाचायचा असतो. 6254 घ्या: 6 म्हणजे कोरलेल्या हाडाची मूठ, 2 म्हणजे दोन पाती, 54 हा ट्रॅपर नावाचा आकार. शेवटी एसएस असेल तर स्टेनलेस, सीव्ही असेल तर क्रोम-व्हॅनेडियम. एकदा हे कळलं की चित्रावरून नाही, आकड्यावरून चाकू डोळ्यांपुढे उभा राहतो. भारतात हे सहज मिळत नाहीत, आणि पोस्टाने मागवणं बेभरवशाचं. माझं एक पार्सल वाटेत अडकलं आणि पैसे गेले ते गेलेच. परदेशी जाणाऱ्या नातेवाइकाला चेक-इन सामानात आणायला सांगणं बरं, तेही तिथला कायदा बघून.

जपानचा हिगोनोकामी मला फार आवडतो. घडी घातलेल्या पितळी किंवा लोखंडी पत्र्याची मूठ, कमान नाही, कुलूप नाही. पात्याच्या बुडाला एक शेपटी असते, ती अंगठ्याने दाबून धरायची. एके काळी जपानी शाळकरी पोरांच्या दप्तरात पेन्सिलीला टोक करायला असायचा. मिकी गावातलं नागाओ कानेकोमा हे एकच घराणं आता तो अस्सल नावाने बनवतं.

बक 110 हा 1964 चा अमेरिकी कुलूपवाला चाकू, जाडजूड, पितळी टोकांचा. त्याची नक्कल जगभर झाली, आपल्याकडेही. तो हातात घेऊन बघा, म्हणजे पाठीतलं कुलूप कसं असावं ते कळेल. आधुनिक चाकवांची, म्हणजे 1981 साली स्पायडर्को या अमेरिकी कंपनीने पात्याला गोल भोक आणि खिशाला क्लिप दिली तिथून पुढची, वाट वेगळी आहे. तिथे पोलादाच्या नावांवरून भांडणं चालतात. मला त्यात गती नाही, म्हणून बोलत नाही.

दोन नावांपासून सावध. लागिओल हे फ्रान्समधलं गाव आहे, कंपनी नव्हे. त्या नावाने आणि मुठीवरच्या माशीच्या चिन्हाने भलतेच लोक चाकू विकत आलेत. आणि ‘दमास्कस’. पात्यावर पाण्याच्या लाटा दिसल्या की नवशिका विरघळतो. हजार-पंधराशेत मिळणारा दमास्कस म्हणजे दोन प्रकारचं पोलाद घड्या घालून जोडलेलं आणि आम्लात बुडवलेलं. त्यात वाईट काही नाही, पण आत कुठलं पोलाद आहे आणि पाणी नीट दिलंय का, ते कोणालाच माहीत नसतं. ज्या पोलादामुळे हे नाव गाजलं ते दक्षिण भारतातलं उक्कू, मुशीत वितळवून केलेलं. त्याचा आणि या लाटांचा संबंध नावापुरताच.

जुने चाकू शोधायला पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी, मुंबईत चोर बाजार. सकाळी लवकर जा. सोबत जवाहिऱ्याचं भिंग आणि छोटी विजेरी. विकणाऱ्याला विचारून मगच चाकू उघडा, आणि पातं लोकांकडे करून नाही. उघडताना कान द्या. चांगला स्लिपजॉइंट खणखणीत ‘टक्’ करून उघडतो आणि तसाच मिटतो. सुस्त आवाज म्हणजे कमान थकली किंवा आत दशकांची घाण आहे. घाण निघते, कमान मात्र बदलता येत नाही, बदलू नये. उघडं पातं चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवा. उजेडाकडे धरून कमान आणि पितळी पत्रा यांत फट आहे का पाहा. खिळ्यांभोवती मुठीला तडा आहे का पाहा. सगळ्यांत महत्त्वाचं: पातं मूळ रुंदीचं आहे की धार लावून लावून सुईसारखं झालंय? मिटल्यावर पात्याचं टोक मुठीबाहेर डोकावत असेल तर बहुधा टोक तुटल्यावर पातं कोणीतरी नव्याने घासलंय. शिक्का ठोकलेला असावा, वरून कोरलेला किंवा ॲसिडने उमटवलेला असेल तर सोडून द्या.

2003 साली एका बुधवारी मला गंजक्या पान्यांच्या ढिगात ब्रिटिश फौजेचा चाकू मिळाला. काळी चौकडीची मूठ, जाड पातं, डबा उघडायचं हत्यार आणि पाठीला दोर उकलायचा जाड टोच्या. टँगवर फौजेच्या सामानावर असायचा तो बाण आणि 1943. विकणाऱ्याच्या लेखी तो ‘खिळा असलेला चाकू’ होता. दीडशे रुपये. तसे अजूनही निघतात, पण महिनोन् महिने रिकाम्या हाताने परत यायची तयारी हवी. अशा रिकाम्या रविवारी मी केळकर संग्रहालयात जाऊन अडकित्ते बघत बसतो. खिळ्यावर फिरणारं पातं आणि हाताला शोभेल अशी मूठ, हा प्रश्न आपल्या कारागिरांनी किती तऱ्हांनी सोडवलाय ते बघितलं की परदेशी चाकूंचं वेड थोडं जमिनीवर येतं.

ठेवण्याबद्दल एकच अट: चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडं कमवताना वापरलेली आम्लं आणि आपल्या पावसाळ्यातली ओल मिळून पितळेला हिरवं आणि पोलादाला तांबडं करतात. कापडात गुंडाळून, झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. पुड्या मृगाच्या आधी बदला. जूनपासून सप्टेंबरपर्यंत दर पंधरा दिवसांनी डबा उघडून पाहा. मुंबई-कोकणात असाल तर दर आठवड्याला. लहान मुलं घरात असतील तर कुलूप. हे सांगायला नको, तरी सांगतो.

किंमत वाढेल का? थोडक्यांची वाढते, बहुतेकांची नाही. दरवर्षी नव्या रंगात निघणाऱ्या मर्यादित आवृत्त्या गुंतवणूक म्हणून घेऊ नका. ज्या डब्यासकट सगळेच जपून ठेवतात त्या वस्तूची टंचाई होत नाही. माझ्याकडच्या चाकवांपैकी ज्यांना खरोखर मागणी आली ते सगळे कोणीतरी वापरून, सांभाळून, विसरून गेलेले होते. पंधरा हजारांतले निम्मे पहिल्या तीन चाकूंत जातील. उरलेले वर्षभर तसेच ठेवा.

आणि तुटलेलं धाकटं पातं. कोणी वेल्डिंग करून देतो म्हणेल, कोणी दुसऱ्या चाकूचं बसवून देतो म्हणेल. दोन्ही नको. खिळा काढला की मूठ बहुधा तडकतेच. पातं कशाने तुटलं हे घरात कोणाला आठवतंय का ते विचारा. तुमच्या आत्या असतील, आजोबांचे धाकटे भाऊ असतील, त्यांना आजच फोन करा. चाकू कुठून आणला, कशाला वापरायचे, पेटीत कधी गेला, जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत कागदावर लिहा आणि कागद चाकूसोबत डब्यात घाला. मग टँगचा एक फोटो तिरप्या उजेडात काढून पाठवा. मुकुटाच्या डाव्या बाजूला व्ही आहे की जी, तेवढं मला बघायचंय.